छताखालचा पत्ता

१९९९ सालच्या ३ डिसेंबरला संध्याकाळी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहरात एका ओस पडलेल्या शीतगृहाला आग लागली. इमारत १९०६ ची, सहा मजली. शीतगृहच असल्यामुळे तिला खिडक्या जवळजवळ नव्हत्या आणि भिंतींना आतून बूच, डांबर आणि फोम यांचे थर चढवलेले होते. आत दोन बेघर माणसं राहतात असं कळल्यामुळे अग्निशमन दलाचे जवान त्यांना शोधायला शिरले. ती दोघं केव्हाच निघून गेली होती. त्यांच्याच मेणबत्तीने आग लागली होती आणि त्यांनी ते कोणाला कळवलं नव्हतं. थोड्याच वेळात धूर इतका दाटला की दोन जवानांना परतीची वाट सापडेना. त्यांच्याजवळ वायरलेस होता आणि तो चालू होता. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आल्याचं त्यांनी बाहेर कळवलं. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, हे ठरवण्याइतका नेमका ठावठिकाणा ना त्यांना सांगता आला, ना बाहेरच्यांना काढता आला. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे आतच राहिले. सहाही जवानांचे मृतदेह ढिगाऱ्यातून बाहेर काढायला आठ दिवस लागले.

त्या रात्री जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून नेहमीसारखे फिरत होते. ती यंत्रणा १९९५ मध्येच पूर्ण क्षमतेने सुरू झाली होती. आणि आगीच्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजला एका प्रयोगशाळेच्या कचेरीत, कोण कुठल्या खोलीत आणि टेबलाच्या कुठल्या बाजूला उभं आहे हे काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने सांगणारी व्यवस्था चालू होती. उपग्रह दिसत नाहीत तिथे माणसाची जागा कशी काढायची, या प्रश्नाचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाच्या चढत्या कमानीसारखा सांगितला जातो: आधी अचूकता नव्हती, मग एकेक शोध लागत गेला आणि ती आली. उपलब्ध पुराव्यावरून मला हा क्रम पटत नाही. छताखाली माणूस शोधण्याची विद्या बरीच आधी हाती आली होती. त्या विद्येला लागणारी पायाभूत कामं, म्हणजे इमारतीत खुणेची उपकरणं बसवणं, त्यांच्या जागा मोजून नोंदवणं आणि ती नोंद वर्षानुवर्षं ताजी ठेवणं, ही करायची कोणी हे मात्र ठरलेलं नव्हतं. जिथे ते ठरलं तिथे अचूकता वाढली. जिथे ठरलं नाही तिथे उत्तम शोधही प्रयोगशाळेबाहेर फारसे गेले नाहीत.

जीपीएसकडे या नजरेने पाहिलं तर ती आधी एक सार्वजनिक बांधकाम आहे आणि मग एक शोध. १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडल्यापासून खर्च अमेरिकी सरकारचा आणि राबता लष्कराचा. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली, आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापराला खुली करण्याचं जाहीर केलं. नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक २००० च्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली. जमिनीवरची केंद्रं उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळं सतत तपासून दुरुस्त करत असतात. वापरणाऱ्याने काहीच करायचं नसतं, म्हणूनच ती जगभर पसरली. तिची मर्यादा छतापाशी सुरू होते. जमिनीवर पोचणारा संकेत किती क्षीण असतो? एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत. त्यातल्या एका भागाएवढा. काँक्रीटचा एखादा स्लॅब त्याला आणखी शेकडो पटींनी दुबळा करतो. २००० च्या सुमारास उपग्रहांची माहिती मोबाइल नेटवर्ककडून आधीच पुरवणारी आणि तोच संकेत जास्त वेळ ऐकत राहून तो गोंगाटातून वेगळा काढणारी उपकरणं आली. खिडकीजवळ आणि हलक्या छपराखाली त्यांचा उपयोग झाला; पण खोल आत जे येतं ते बहुतेक भिंतींवर आपटून आलेलं असतं, आणि त्यावरून काढलेली जागा दहा-दहा मीटरांनी हुकते. आकाशातली व्यवस्था आत ओढून आणण्याचा हा प्रयत्न तिथेच संपला. आतली व्यवस्था आतच उभारावी लागणार होती.

ती कशी उभारायची हे केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेने आधीच दाखवलं होतं. तिथे रॉय वॉन्ट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास कर्मचाऱ्यांच्या छातीवर लावायचा एक बिल्ला बनवला. तो ठरावीक वेळाने अवरक्त किरणांचा संकेत सोडी आणि त्यावरून माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळे. पुढे त्याच गटाने ‘बॅट’ ही यंत्रणा केली. यात अंगावरचं छोटं उपकरण अल्ट्रासाऊंडचा ठोका देतं, छतातली उपकरणं तो ऐकतात आणि ध्वनीला लागलेल्या वेळावरून अंतरं काढतात. २००१ मध्ये या गटाने दिलेल्या माहितीनुसार ९५ टक्के वेळा चूक ३ सेंटिमीटरच्या आत होती. आज खिशातल्या फोनला बहुतेक इमारतींत याच्या शंभरपट चूक सहज होते. मग बॅट पसरली का नाही? सुमारे १,००० चौरस मीटरच्या कचेरीसाठी छतात सातशेहून जास्त ग्राहक उपकरणं बसवावी लागली होती, आणि प्रत्येकाची जागा आधी काटेकोर मोजावी लागली होती. २००२ मध्ये तोवर एटी अँड टीच्या मालकीची झालेली ती प्रयोगशाळाच बंद करण्यात आली. तंत्रात खोट नव्हती. ते काम दुसऱ्या इमारतीत करण्याचं कोणावर बंधन नव्हतं, आणि स्वखर्चाने करण्याइतका फायदा कोणाला दिसत नव्हता.

यावर स्वाभाविक सूचना अशी की नवीन काही बसवूच नका, जे आधीच बसलेलं आहे ते वापरा. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी नेमकं हेच मांडलं. त्यांच्या ‘रडार’ नावाच्या पद्धतीत कचेरीतल्या वायरलेस नेटवर्कचे तीन तळ तेवढे लागत. मजल्यावरच्या ७० ठिकाणी उभं राहून तिन्ही तळांचे संकेत किती जोरात येतात याची नोंद करून ठेवायची. नंतर एखाद्या यंत्राला जसे संकेत मिळतील तशी नोंद यादीत शोधायची. जिथे जुळेल ती त्याची जागा. निम्म्या वेळा चूक ३ मीटरच्या आत राहिली. या क्षेत्रात पुढे जे झालं त्यातलं बरंच या एका निबंधातून निघालं आहे, आणि त्यातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो. प्रत्येक ठिकाणी नोंद चार दिशांना तोंड करून घ्यावी लागली होती, कारण माणसाचं शरीरच मध्ये येऊन संकेत अडवतं. म्हणजे हवेत मोफत मिळणाऱ्या लहरींच्या मागे एक दमवणारी मोजणी होती, आणि कपाट हललं किंवा राउटर बदलला की ती मोजणी जुनी होत होती.

हा दोष संशोधकांना पुरता ठाऊक होता. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, पद्मनाभन आणि कृष्ण चिंतलपुडी यांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट प्रयोगशाळेतून मोजणीची ही यातना टाळण्याची पद्धत मांडली. त्यांनी प्रामाणिकपणे दिलेली तुलना माझ्या मुद्द्याला आधार देते. आधी सगळी मोजणी करून घेणाऱ्या उत्तम पद्धतीची मध्यक चूक छोट्या इमारतीत ०.७ मीटर आणि मोठ्या इमारतीत ४ मीटर आली. मोजणी वगळल्यावर ती २ आणि ७ मीटर झाली. पूर्वतयारी कमी केली की चूक वाढते, एवढा उघड हिशोब आहे. २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने लोक इमारतीत फिरत असताना त्यांच्या फोनकडूनच ही नोंद आपोआप भरून घेण्याची कल्पना पुढे नेली. कल्पना चांगलीच होती, पण त्यातही इमारतीचा नकाशा कोणीतरी द्यावाच लागतो.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र मोजणी झाली, कारण तिथे कंपन्यांना बाजार दिसला. २००३ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या स्कायहुक कंपनीने शहरोशहरी गाड्या फिरवून कुठल्या ठिकाणी कुठले वाय-फाय राउटर ऐकू येतात याची यादी केली. २००८ च्या जानेवारीत ॲपलने आयफोनसाठी ती वापरायला घेतली. जीपीएस नसलेला तो पहिला आयफोन त्या यादीमुळे नकाशावर आपली जागा दाखवू लागला. दोनच वर्षांत ॲपलने स्वतःची यादी वापरायला सुरुवात केली. गूगलनेही आपली यादी केली होती. आज इमारतीत शिरल्यावरही फोनवरचा निळा ठिपका साधारण योग्य जागी राहतो तो बहुतांशी या याद्यांमुळे, आणि त्या ताज्या राहतात आपल्याच फोनांकडून येणाऱ्या माहितीवर.

आता कायद्याकडे येतो, कारण या इतिहासाचा कणा मला तिथे दिसतो. अमेरिकेत ९११ हा आणीबाणीचा क्रमांक १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल गावी सुरू झाला. पुढच्या काळात घरच्या फोनवरून कॉल आला की पत्ता आपोआप पडद्यावर येऊ लागला. मोबाइलने ही सोय मोडली. म्हणून १९९६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांवर कॉल करणाऱ्याची जागा कळवण्याची सक्ती केली. १९९९ च्या सुधारित नियमांनुसार फोनमधल्या तंत्राने जागा काढली तर ६७ टक्के कॉलमध्ये ती ५० मीटरच्या आत यायला हवी होती, आणि नेटवर्ककडून काढली तर १०० मीटरच्या आत. फोनमध्ये जीपीएस सर्वत्र आलं त्यामागे ही सक्ती मोठं कारण आहे. पण हे निकष उघड्यावरच्या चाचण्यांवर तपासले जात. इमारतीच्या आतल्या कॉलसाठी वेगळं बंधन यायला २०१५ साल उजाडलं. एकोणीस वर्षं लागली, आणि या काळात लोकांनी घरचे फोन काढून टाकले होते. २०१५ च्या आदेशाने टप्प्याटप्प्याने वाढत जाणारं उद्दिष्ट ठरवलं: सहा वर्षांत ८० टक्के कॉल ५० मीटरच्या आत, किंवा थेट दारापर्यंत नेणारा पत्ता. २०१९ मध्ये उंचीचाही निकष आला: आतून केलेल्या ८० टक्के कॉलमध्ये चूक वरखाली ३ मीटर, साधारण एका मजल्याएवढी.

उंचीची ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, म्हणजे एका मजल्याला ३५-४० पास्कल. २०११ नंतर फोनमध्ये येऊ लागलेले दाबमापक हा फरक सहज टिपतात. पण हवामान बदललं की दाब याच्या कितीतरी पट बदलतो, त्यामुळे नुसता फोनचा आकडा निरुपयोगी; जवळपास ठाऊक उंचीवर बसवलेलं, चोख जुळवलेलं संदर्भ-केंद्र हवं. अमेरिकेत एका कंपनीने शहरांत अशी केंद्रं उभी केली तेव्हा कुठे ३ मीटरची भाषा शक्य झाली. तरीही पहिली मुदत, एप्रिल २०२१, मोठ्या कंपन्यांना पाळता आली नाही. आयोगाला त्यांच्याशी तडजोडीचे करार करून ती सेवा सुरू करून घ्यावी लागली. आणि कॉल घेणाऱ्याला जी उंची मिळते ती पृथ्वीच्या गणिती पृष्ठभागापासूनची, मीटरमध्ये. ती कुठल्या मजल्याची, हे सांगायला त्या इमारतीचा आराखडा हवा. तो करून ठेवण्याचं काम पुन्हा कोणाच्याच नावावर नाही.

माझ्या प्रतिपादनावर पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे: अडचण खरोखर लहरींची होती, तुम्ही ती उगाच प्रशासनाच्या गळ्यात मारता. सह्याद्रीच्या दरीत हाक मारली तर समोरच्या कड्यांवरून चार-पाच हाका परत येतात. इमारतीत रेडिओचं तसंच होतं. थेट आलेला संकेत आणि भिंतीवरून आलेला संकेत एकमेकांत मिसळतात, आणि पहिला कुठला हे ओळखता आलं नाही तर अंतर चुकतं. प्रकाशाइतक्या वेगाने जाणारी ही लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर पार करते. संकेत किती रुंद पट्ट्यात पसरला आहे त्यावर वेळेचा बारकावा ठरतो: २० मेगाहर्ट्झच्या साध्या वाय-फायला १५ मीटरच्या आतले दोन मार्ग सहजी वेगळे दिसत नाहीत, ५०० मेगाहर्ट्झच्या संकेताला ६० सेंटिमीटरपर्यंत दिसतात. आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. पण तो रुंद पट्टा मिळाला कसा तेही पाहू. अल्ट्रा-वाइडबँडला ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायची मुभा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २००२ मध्ये दिली, तीही जीपीएसच्या संकेतात व्यत्यय येईल या भीतीशी बराच वाद होऊन आणि शक्तीवर कडक मर्यादा घालून. त्यानंतर मानकं ठरली, डब्लिनच्या डेकावेव्ह कंपनीने १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर मोजणारी स्वस्त चिप आणली, आणि २०१९ मध्ये ती क्षमता आयफोनमध्ये पोचली. भिंतींनी उभी केलेली अडचण आयोगाच्या निर्णयाने सुटायला लागली. २०१८ पासून अँड्रॉइड फोन राउटरपर्यंतचं अंतर लहरीच्या जाण्यायेण्याच्या वेळावरून एक-दोन मीटरपर्यंत काढू शकतात. पण राउटर स्वतः कुठे आहे हे कोणी मोजून भरलेलं नसेल तर त्या अंतराचं करायचं काय?

वुस्टरची आग मात्र माझ्या मांडणीत सहज बसत नाही, हे सांगायला हवं. जळत्या इमारतीत आधी बसवलेल्या उपकरणांवर भिस्त ठेवता येत नाही. वीज जाते, राउटर वितळतात. त्याच शहरातल्या वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधल्या डेव्हिड सिगान्स्की, जेम्स डकवर्थ आणि जॉन ऑर यांनी आगीनंतर हाच प्रश्न घेतला: इमारतीत काहीही नसताना, बाहेर उभ्या केलेल्या गाड्यांवरच्या अँटेनांनी आतला जवान शोधायचा. २००६ पासून काही वर्षं त्यांनी या एकाच विषयावर संशोधक आणि अग्निशमन दलाचे लोक यांच्या परिषदा भरवल्या. धातूने भरलेल्या इमारतींत त्यांच्या पद्धतीचीही परीक्षा झाली. दुसरीकडे बुटात बसवायच्या गतिमापकांवर काम झालं. अशा मापकाची चूक सेकंदागणिक साचत जाते, पण चालताना प्रत्येक पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो. त्या क्षणी वेग शून्य धरला की साचलेली चूक बरीचशी पुसता येते. एरिक फॉक्सलिन यांनी २००५ मध्ये ही युक्ती नीट मांडली, आणि पुढे स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाने आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून तिच्यावर आधारित खुली रचना सर्वांना उपलब्ध केली. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेने अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यासाठी भिंतींतून फारसं न अडता जाणारी कमी वारंवारितेची चुंबकीय क्षेत्रं वापरून पाहिली. इथे विज्ञानाची कमतरता खरी होती. पण हे संशोधन टिकलं ते सार्वजनिक पैशावर, आणि ते सुरू व्हायला सहा माणसांचा जीव जावा लागला.

दुसरा आक्षेप असा की बाजाराने प्रश्न सोडवलाच आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये आणीबाणीच्या कॉलबरोबर फोनने स्वतः काढलेली जागा आपोआप पाठवण्याची पद्धत सुरू झाली, आणि पुढे ती अनेक देशांत गेली. सुधारणा मोठी आहे. पण त्याच वर्षी बर्लिनला मायक्रोसॉफ्टने भरवलेल्या स्पर्धेत २२ यंत्रणा एकाच जागेत तपासल्या गेल्या तेव्हा स्वतःची उपकरणं लावू दिलेल्यांतली सर्वोत्तम सरासरी चूक ०.७२ मीटर आली, आणि नुसत्या असलेल्या वाय-फायवर अवलंबून राहिलेल्यांतली सर्वोत्तम त्याच्या दुपटीहून जास्त. खासगी याद्या दुसऱ्या गटात मोडतात. कॅफे शोधायला त्या पुरतात. शेजारच्या इमारतीतला चौथा मजला आणि आपल्या इमारतीतला सहावा यांत फरक करायची हमी त्या देत नाहीत, आणि तशी हमी त्यांच्याकडून कोणी मागितलेलीही नाही.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि मी तो सर्वांत गंभीर मानतो. घराच्या आतली जागा कळणं म्हणजे माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळणं. २०१० मध्ये गूगलच्या छायाचित्रं घेणाऱ्या गाड्यांनी राउटरच्या यादीबरोबर लोकांच्या नेटवर्कमधली प्रत्यक्ष माहितीही टिपल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. २०११ मध्ये आयफोनमध्ये अनेक महिन्यांच्या ठिकाणांची नोंद असुरक्षितपणे साठत असल्याचं दोन संशोधकांनी दाखवलं. या दोन्ही घटनांतून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा माझा वेगळा आहे. जागा काढण्याची क्षमता आता परत जाणार नाही. प्रश्न ती कोणाच्या हातात आणि कुठल्या नियमाखाली असावी एवढाच उरतो. इमारतीतल्या ठाऊक खुणा ऐकून फोनने स्वतःच आपली जागा काढली आणि फक्त आणीबाणीच्या कॉलबरोबर ती बाहेर पाठवली, तर माणसावर पाळत राहत नाही. सार्वजनिक व्यवस्थेला अशी अट घालता येते. खासगी यादीला ती घालायला आपल्या हाती फारसं काही नाही.

भारतात २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये उपग्रहावरून जागा काढण्याची सोय सक्तीची ठरवली. युरोपीय संघाने १७ मार्च २०२२ पासून स्मार्टफोनसाठी जो नियम लावला त्यात गॅलिलिओ उपग्रहांबरोबर वाय-फायवरून मिळणारी जागाही ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाला पाठवता आली पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या नियमात छताखालचा माणूस विचारात घेतलेला नव्हता. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पाया तयार आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीचा मालक किंवा भोगवटादार आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायला बांधील आहे. उंच इमारती, मॉल, रुग्णालयं आणि जमिनीखालची स्थानकं यांच्यासाठी त्याच दाखल्यात तीन बाबी जोडाव्यात: प्रत्येक मजल्याचा मोजलेला आराखडा, ठाऊक जागी बसवलेले आणि बॅटरीवर चालणारे रेडिओ खुणक (बीकन), आणि दाबाचं एक संदर्भ-केंद्र. उपकरणं आज बाजारात मिळतात आणि तपासणीची तारीख आधीच ठरलेली आहे. राज्याच्या अग्निशमन संचालनालयाने आणि महापालिकांनी ही तरतूद पुढच्या नियमदुरुस्तीत करावी.